'योबेर': स्पॅनिशमधला पाऊस, खरा आणि बोलण्यातला

प्रश्न थोडक्यात असा: स्पॅनिशच्या सुरुवातीच्या पातळ्या ओलांडत असलेल्या एका विद्यार्थ्याने 'योबेर' म्हणजे पाऊस पडणे हे पाठ केलं, हवामानावरची वाक्यंही जमू लागली. मग एका बातमीत 'आल मिनीस्त्रो ले योब्येरोन क्रीतिकास' असं वाचलं. विमान रद्द झाल्यावर कुणीतरी वैतागून 'युएबे सोब्रे मोखादो' म्हटलेलं ऐकलं. दोन्हीकडे पावसाचा पत्ता नाही. मग हा शब्द नेमका शिकायचा कसा, आणि कुठे खरा पाऊस, कुठे नाही, हे ओळखायचं कसं?

उत्तर:

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, बाकीचं तिच्याभोवती आपोआप बसतं. खरा पाऊस पडत असतो तेव्हा 'योबेर'ला कर्ता नसतो आणि क्रियापद कायम तृतीय पुरुषी एकवचनात राहतं. काय कोसळतंय हे सांगणारं नाम कर्ता म्हणून वाक्यात आलं, की पाऊस बहुतेक वेळा लाक्षणिक झालेला असतो. 'योब्यो' म्हणजे पाऊस पडला. 'योब्येरोन' असं अनेकवचन दिसलं की शेजारचं नाम शोधायचं: टीका, शिव्या, दंड, नोकरीचे प्रस्ताव. म्हणजे अर्थ व्याकरणच सांगतं, संदर्भावरून अंदाज बांधत बसावं लागत नाही. मंत्र्याच्या त्या वाक्यात 'ले' (त्याला) आहे, अनेकवचनी क्रियापद आहे आणि 'क्रीतिकास' (टीका) हा कर्ता आहे. मंत्र्यावर टीकेचा भडिमार झाला, एवढंच ते वाक्य म्हणतं.

एक अपवाद लगेच सांगून ठेवतो, नाहीतर पहिल्याच हवामान बातमीत अडखळाल. मोजमाप आलं की खऱ्या पावसातही अनेकवचन येतं: 'योब्येरोन ४० मिलीमेत्रोस' (४० मिलिमीटर पाऊस पडला). तिथे कर्त्याच्या जागी आकडा असतो, त्यामुळे गल्लत होण्याचं कारण नाही.

आता उच्चार. रोमन लिपीत या शब्दाच्या सुरुवातीला जोड-एल (लागोपाठ दोन 'एल') आहे, त्याला स्पॅनिशमध्ये 'एये' म्हणतात. बहुतेक स्पेनमध्ये आणि बहुतेक लॅटिन अमेरिकेत तो आपल्या 'य'सारखा ऐकू येतो. ब्वेनोस आइरेस आणि मोन्तेबिदेओच्या परिसरात मात्र तोच 'श'कडे झुकतो, तिथे 'युएबे'चं 'शुएबे' होतं. हे ठाऊक नसेल तर अर्जेंटिनाच्या माणसाने पावसाबद्दल काढलेलं पहिलंच वाक्य डोक्यावरून जाईल. मधलं अक्षर व्ही असलं तरी त्याचा उच्चार 'व' नाही. तो ओठ पूर्ण न मिटता काढलेला हलका 'ब' आहे. या उत्तरात मी सगळीकडे 'ब' लिहिलंय. 'मोखादो'मधला 'ख' घशातून घासत येतो, उर्दू जाणकार 'खुदा' म्हणताना काढतात तसा. आणि मराठीत 'च' दोन प्रकारचा आहे, स्पॅनिशमध्ये एकच: 'चहा'तला. 'चमचा'तला कधीच नाही.

जोड-एल लक्षात ठेवायला व्युत्पत्तीची चांगली मदत होते. लॅटिनमध्ये शब्दाच्या आरंभी असलेलं 'प्ल' स्पॅनिशमध्ये पुष्कळ ठिकाणी 'य'सारखं झालं. लॅटिन 'प्लुव्हिया'चं 'युब्या' (पाऊस, नाम), 'प्लेनुस'चं 'येनो' (भरलेला), 'प्लोरारे'चं 'योरार' (रडणे). लॅटिनमधलं पावसाचं क्रियापद आणि संस्कृतचा 'प्लु' धातू एकाच मुळाचे आहेत. 'जलाप्लावित' म्हणताना आपण तोच धातू वापरतो. स्पॅनिशच्या विद्वज्जड शब्दांत जुना 'प्ल' तसाच राहिला: पर्जन्यमापकाला 'प्लुब्योमेत्रो' म्हणतात.

रूपांकडे वळू. 'योबेर'मधला 'ओ' आघात त्याच्यावर आला की 'उए' होतो. म्हणून 'युएबे' (पडतो), आणि इच्छा-शक्यता दाखवणारं 'युएबा'. आघात पुढे सरकला की 'ओ' जागेवर येतो: 'योब्यो' (पडला), 'योबीआ' (पडत होता), 'आ योबीदो' (पडलाय), 'एस्ता योब्येन्दो' (पडतोय), 'बा आ योबेर' (पडणार आहे), 'योबेरा' (पडेल). 'योबेरा' आणि 'योब्येरा' यांत कान फसतो. पहिल्यात आघात शेवटच्या 'रा'वर आणि अर्थ भविष्यकाळाचा. दुसऱ्यात आघात 'ब्ये'वर आणि अर्थ 'पडला असता तर' असा. तसंच 'युब्या' हे नाम दोनच अवयवांचं (उच्चाराच्या तुकड्यांचं), तर 'योबीआ' हे क्रियापद तीन अवयवांचं आणि आघात 'बी'वर. लिहिताना 'आय'वर तिरकी रेघ विसरली की परीक्षक चूक धरतो, ते बरोबरच आहे.

'योरार' (रडणे) आणि 'येबार' (नेणे) हे दोन शेजारी सतत घोळ घालतात. 'युएबा' म्हणायचं असतं आणि तोंडातून 'येबा' निघतं, म्हणजे 'नेतो'. त्यावर एकच वाक्य घोटा: 'येबाते एल पाराग्वास पोर सी युएबे' (पाऊस आला तर असावी म्हणून छत्री घेऊन जा). 'येबार' आणि 'योबेर' दोन्ही एका दमात येतात, शिवाय 'पोर सी' ही अतिशय उपयोगी रचनाही बसते. 'रडणे'बद्दल एक जाता जाता: कोलंबियाच्या चोको प्रांतात जगातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत गणलं जाणारं एक गाव आहे, त्याचं नाव 'योरो'. शब्दशः वाचलं तर 'रडला'. पण हे नाव तिथल्या एका आदिवासी प्रमुखावरून आल्याचं सांगतात, पावसावरून किंवा रडण्यावरून नव्हे.

मराठी भाषकाच्या चुका कुठून येतात, हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण त्या मोजक्याच आहेत आणि कारण कळलं की सुटतात.

मराठीत पाऊस हा कर्ता आहे. तो येतो, पडतो, लागतो, थांबतो, उघडतो, दडी मारतो, झोडपतो. स्पॅनिशमध्ये रोजच्या बोलण्यात ही सगळी कामं क्रियापदच करतं. 'पाऊस पडतोय'चं शब्दशः 'ला युब्या काए' करणं व्याकरणाला धरून आहे, पण ते कथेतल्या वर्णनाला शोभतं. खिडकीतून पाहून कुणी तसं म्हणत नाही. तिथे 'एस्ता योब्येन्दो' एवढंच पुरतं. 'पाऊस आला'साठी 'एम्पेसो आ योबेर' (पडायला लागला) किंवा स्पेनमध्ये 'से आ प्वेस्तो आ योबेर'. 'पाऊस थांबला'साठी 'आ देखादो दे योबेर'. 'पावसाने उघडीप दिली' यासाठी मात्र स्पॅनिशमध्ये स्वतंत्र आणि नेमकं क्रियापद आहे: 'एस्काम्पार'. बरेच विद्यार्थी ते शिकतच नाहीत, आणि मग प्रत्येक वेळी 'थांबला'वर भागवतात. लॅटिन अमेरिकेत 'एस्काम्पार'चा दुसराही अर्थ आहे. कोलंबियात 'एस्काम्पार्से' म्हणजे पाऊस जाईपर्यंत आडोशाला उभं राहणं.

दुसरी चूक इंग्रजीमार्गे येते. इंग्रजीत अशा वाक्याला नाममात्र कर्ता लागतो, म्हणून विद्यार्थी स्पॅनिशमध्येही 'एयो' किंवा 'एल' पुढे लावून मोकळे होतात. काहीच लावायचं नाही. वाक्य क्रियापदापासून सुरू होतं.

तिसरी चूक 'आसे युब्या'. थंडी, गरमी, वारा, ऊन यांना 'आसे' लागतं: 'आसे फ्रीओ', 'आसे ब्येन्तो'. धुकं असलं तर 'आय न्येब्ला', आभाळ भरलेलं असलं तर 'एस्ता नुब्लादो'. पाऊस, बर्फ, गारा, गडगडाट यांना स्वतःची क्रियापदं आहेत, त्यांना 'आसे' चालत नाही.

चौथी चूक सगळ्यात चिवट आणि अस्सल मराठी आहे. आपण म्हणतो, 'उद्या पाऊस पडला तर मी येणार नाही.' गोष्ट उद्याची, पण रूप भूतकाळाचं. म्हणून विद्यार्थी लिहितात 'सी योब्यो मान्याना'. स्पॅनिशमध्ये इथे साधा वर्तमानकाळ: 'सी युएबे मान्याना, नो बोय'. 'सी'नंतर भविष्यकाळाचं 'योबेरा'ही चालत नाही. उलट 'जेव्हा पाऊस पडेल तेव्हा खिडकी लाव' यात 'क्वान्दो'नंतर 'युएबा' लागतं: 'क्वान्दो युएबा, स्येर्रा ला बेन्ताना'. 'सी'ला 'युएबे', भविष्यातल्या 'क्वान्दो'ला 'युएबा'. ही जोडी तोंडी बसली की हवामानाबाहेरची शेकडो वाक्यंही सुधारतात. इच्छा किंवा भीती आली तरी 'युएबा'च: 'ओखाला नो युएबा' (पाऊस पडू नये म्हणजे मिळवलं). हे 'ओखाला' अरबीतून आलंय आणि 'ईश्वराची इच्छा असेल तर' हा भाव त्याच्या मुळात आहे.

पाचवी चूक काळाच्या निवडीची. 'रात्रभर पाऊस पडत होता' यातलं 'पडत होता' पाहून 'योबीआ तोदा ला नोचे' लिहिलं जातं. पण रात्रभर म्हणजे सुरुवात आणि शेवट ठरलेला कालखंड. तो पूर्ण झाला असेल तर 'योब्यो तोदा ला नोचे' किंवा 'एस्तुबो योब्येन्दो तोदा ला नोचे'. 'योबीआ' राखून ठेवायचं पार्श्वभूमीसाठी: 'क्वान्दो साली, योबीआ' (मी निघालो तेव्हा पाऊस पडत होता). मराठीतलं 'पडत होता' दोन्हीकडे चालतं, म्हणून भाषांतर करून उत्तर सापडत नाही. कालखंडाची लांबी वाक्यात दिली आहे का, एवढंच विचारायचं.

पावसाच्या जोराचे शब्द आपल्याकडे आहेत तसे तिकडेही आहेत. अगदी चार टिपूस पडत असतील तर 'चिस्पेआर'. 'चिस्पा' म्हणजे ठिणगी, थेंब ठिणग्यांसारखे तुरळक पडतात. भुरभुर असेल तर 'योबिस्नार' (स्पेनच्या बहुतेक भागात 'योबिथ्नार'), आणि त्या भुरभुरीला 'योबिस्ना'. सर येऊन गेली तर 'चुबास्को' किंवा 'चापार्रोन', दणकून पडला तर 'आग्वासेरो', प्रलय झाल्यासारखा असेल तर 'दिलुब्यार'. 'चुबास्को' पोर्तुगीजवरून आलाय. पोर्तुगीजमध्ये पाऊस म्हणजे 'शुवा', हे गोव्यातल्या जुन्या पिढीला सांगायला नको.

स्पेनच्या हवामान संस्थेने, 'आएमेत'ने, शब्दांना आकडे जोडून दिले आहेत. तासाला २ मिलिमीटरपर्यंत 'देबील' (हलका), २ ते १५ 'मोदेरादा', १५ ते ३० 'फुएर्ते', ३० ते ६० 'मुय फुएर्ते' आणि ६०च्या वर 'तोर्रेन्स्याल'. स्पॅनिश बातम्यांत पाऊस मिलिमीटरपेक्षा 'लीत्रोस'मध्ये जास्त सांगतात, म्हणजे दर चौरस मीटरला किती लिटर. घाबरायचं कारण नाही, एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. २९ ऑक्टोबर २०२४ला बालेन्स्या प्रांतातल्या महापुराच्या दिवशी तुरीस या गावी ७७१ लिटरची नोंद झाली, तो आकडा आपल्या पद्धतीने ७७१ मिलिमीटर असा वाचायचा. अशा पावसामागच्या हवामानप्रणालीला 'दाना' म्हणतात. लोकांच्या तोंडी जुनं नाव 'गोता फ्रीआ' आहे, शब्दशः 'थंड थेंब'.

बातमीत पाऊस हे नाम बऱ्याचदा अनेकवचनात येतं: 'से एस्पेरान युब्यास एन एल नोर्ते' (उत्तरेत पावसाची शक्यता). इथे 'पाऊसं' असा विचित्र अर्थ नाही. वेगवेगळ्या सरी, वेगवेगळी ठिकाणं एवढंच त्यातून कळतं.

पावसाळ्याचं काय? 'तेम्पोरादा दे युब्यास' हे सगळीकडे चालेल. आपल्या पावसाबद्दल लिहिताना 'एल मोन्सोन' वापरा, तो शब्द पोर्तुगीजवाटे अरबी 'मौसिम'पर्यंत जातो, आपला 'मोसम' तिथूनच आलाय. पण कोलंबिया, कोस्ता रीका, एक्वादोर अशा देशांत पावसाच्या महिन्यांना सर्रास 'इन्ब्येर्नो' म्हणतात आणि कोरड्या महिन्यांना 'बेरानो'. स्पेनमध्ये हेच शब्द हिवाळा आणि उन्हाळ्याचे. कोस्ता रीकाच्या माणसाने 'सध्या इन्ब्येर्नो आहे' म्हटलं तर स्वेटर शोधू नका, छत्री घ्या.

आता लाक्षणिक वापर, म्हणजे तुमच्या प्रश्नाचा गाभा.

पहिला प्रकार मोकळा आहे, त्यात तुम्ही स्वतः नामं भरू शकता. साचा असा: ज्याच्यावर कोसळतं त्याचं सर्वनाम ('मे', 'ते', 'ले', 'नोस', 'लेस'), मग 'योबेर' योग्य वचनात, मग जे कोसळतं ते. 'ले योब्येरोन ओफेर्तास दे त्राबाखो' (त्याच्याकडे नोकरीच्या प्रस्तावांची रीघ लागली). 'मे युएबेन लोस प्रोब्लेमास' (माझ्यामागे एकामागून एक अडचणी लागल्यात). मराठीत आपण चांगल्या-वाइटाला वेगळे शब्द योजतो: शुभेच्छांचा वर्षाव, टीकेची झोड, प्रश्नांची सरबत्ती, शिव्यांची लाखोली. स्पॅनिशमध्ये या सगळ्याला 'योबेर' पुरतं: कौतुक, टाळ्या, शिव्या, धोंडे, गुन्हे, प्रस्ताव. 'ले योब्येरोन पालोस' म्हणजे शब्दशः काठ्यांचा पाऊस, पण बातमीत तो टीकेचाच मार असतो.

यात चार ठिकाणी पाय घसरतो. एक, वचन: नाम अनेकवचनी असेल तर क्रियापदही अनेकवचनी हवं, 'ले योब्यो क्रीतिकास' चूक. इथे मघाचा नियम उलटा होतो म्हणून हात एकवचनाकडे जातो. दोन, सर्वनाम: 'लो योब्येरोन' नाही, 'ले योब्येरोन', कारण ज्याच्यावर पडतं तो कर्म नसून ज्याला भोगावं लागतं तो आहे. तीन, संख्या: एकच प्रस्ताव आला तर 'मे योब्यो उना ओफेर्ता' विचित्र वाटतं. एका थेंबाला कुणी पाऊस म्हणत नाही. मोजता न येणारं नाम, जसं पैसा किंवा काम, असेल तर एकवचन चालतं: 'ले योब्यो दिनेरो'. चार, क्रम: क्रियापद सहसा आधी आणि नाम नंतर. 'लास क्रीतिकास नो तार्दारोन एन योबेर्ले' (टीका कोसळायला वेळ लागला नाही) अशी उलटी रचनाही होते, पण ती लेखी वळणाची आहे. व्यक्तीऐवजी ठिकाण किंवा संस्था असेल तर 'सोब्रे' (वर) वापरा: टीका सरकारवर कोसळली, 'योब्येरोन क्रीतिकास सोब्रे एल गोब्येर्नो'.

नामानेही हेच काम होतं. विचारमंथनाच्या बैठकीला 'युब्या दे इदेआस', उल्कावर्षावाला 'युब्या दे एस्त्रेयास'. ऑगस्टमधल्या ययाती (पर्सियस) तारकासमूहाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उल्कावर्षावाला स्पेनमध्ये 'संत लोरेन्सोचे अश्रू' असंही म्हणतात, कारण १० ऑगस्टला त्या संताचा दिवस येतो.

दुसरा प्रकार गोठलेल्या वाक्प्रचारांचा. इथे शब्द हलवायचे नाहीत.

'युएबे सोब्रे मोखादो', शब्दशः 'ओल्यावर पाऊस पडतोय'. आधीच भिजून चिकचिक झालेल्या जमिनीवर पुन्हा पाणी, ती आता आणखी शोषणार नाही. आपल्याकडे 'दुष्काळात तेरावा महिना' जवळचा आहे, पण तंतोतंत नाही. 'तेरावा महिना' कुठल्याही नव्या संकटाला चालतो. स्पॅनिश वाक्प्रचारात बऱ्याचदा त्याच जातीचा त्रास पुन्हा झालेला असतो आणि मागचा राग अजून शमलेला नसतो. त्या रद्द झालेल्या विमानाचंच घ्या. 'युएबे सोब्रे मोखादो: ला सेमाना पासादा ताम्बियेन कान्सेलारोन' (पुन्हा तेच! गेल्या आठवड्यातही रद्द केलं होतं). तेच तेच नकोसं बोलणं परत झालं तरीही हा वापरतात. काळ बदलता येतो, 'योबीआ सोब्रे मोखादो'. 'मोखादो'चं लिंग-वचन बदलत नाही, त्याच्यापुढे 'तिएर्रा' (जमीन) घालायची नाही.

'कोमो क्येन ओये योबेर', 'पाऊस ऐकावा तसं'. पाठीमागे पाऊस वाजत असतो आणि कुणी त्याच्याकडे लक्ष देत नाही. एखाद्याला दहादा सांगितलं आणि त्याने ढिम्म प्रतिसाद दिला नाही, तर हे म्हणतात. आपलं 'पालथ्या घड्यावर पाणी' जवळचं, पण तिथे ऐकणाऱ्याला काही समजतच नाही, इथे तो मुद्दाम कानाआड करतो. यातला शेवटचा शब्द 'योबेर' मूळ रूपातच राहतो.

'आ योबीदो मूचो देस्दे एन्तोन्सेस', 'तेव्हापासून बराच पाऊस पडून गेलाय', म्हणजे त्याला फार काळ लोटला. मेक्सिकोत नुसतं 'या योब्यो' म्हणून भागतं. 'चार पावसाळे जास्त पाहिलेत' म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही मोजणी परकी वाटायला नको. फरक एवढाच की आपलं वाक्य माणसाच्या अनुभवाबद्दल आहे, त्यांचं गेलेल्या काळाबद्दल. म्हणून कुणाला दरडावताना ते वापरू नका.

'नुन्का युएबे आ गुस्तो दे तोदोस', पाऊस कधीच सगळ्यांच्या मर्जीने पडत नाही. निर्णयावर कुणीतरी नाराज राहणारच, हे सांगायला. सभेत, कार्यालयात, घरात, कुठेही शोभतं, आणि कुणाला लागत नाही.

'कोमो योबीदो देल स्येलो' म्हणजे अगदी हव्या त्या वेळी अनपेक्षित मिळालेलं. त्याचा शेजारी 'कोमो आग्वा दे मायो', मे महिन्याच्या पाण्यासारखं. मराठी वाचकाला मे म्हटलं की वळीव आणि आंब्यांचं नुकसान आठवेल, त्यामुळे अर्थ उलटा लागण्याची भीती आहे. स्पेनच्या कोरडवाहू धान्यशेतीत मे महिन्याचा पाऊस कणसं भरण्याच्या वेळी येतो, म्हणून तो मोलाचा. 'आग्वा दे मायो, पान पारा तोदो एल आन्यो' (मेचं पाणी, वर्षभराची भाकरी) अशी म्हणच आहे. आपल्याकडे हा मान स्वाती नक्षत्राला: पडतील स्वाती तर पिकतील मोती. 'से एस्पेरा कोमो आग्वा दे मायो' म्हणजे चातकासारखी वाट पाहणं.

मुसळधार पावसाला 'युएबे आ कान्तारोस'. 'कान्तारो' म्हणजे घागर, घागरी ओतल्यासारखा पाऊस. 'काएन चूसोस दे पुन्ता' स्पेनमध्ये ऐकू येईल. 'चूसो' म्हणजे टोकाला लोखंडी अणी असलेली काठी, पूर्वी स्पेनच्या शहरांत रात्रीचे पहारेकरी ती घेऊन फिरत. अशा काठ्या टोकाकडून पडाव्यात तसा पाऊस. व्हेनेसुएलात याच्या जागी 'पालो दे आग्वा' म्हणतील. भुरभुरीचं तर प्रत्येक प्रदेशाचं वेगळं नाव: बास्क भागात 'सिरिमिरी', आस्तुरियासमध्ये 'ओर्बायो', मेक्सिकोत 'चिपीचिपी', लिमात 'गारूआ'. लिमात वर्षाचा पाऊस इतका नगण्य की हिवाळ्यातली ही ओलसर भुरभुर हाच तिथला पाऊस. 'कालाबोबोस' हा शब्द मला फार आवडतो: 'भोळ्यांना भिजवणारा'. इतका बारीक, की छत्री उघडावीशी वाटत नाही आणि घरी पोचेपर्यंत माणूस चिंब. अशा चिंब माणसाला 'एचो उना सोपा', म्हणजे 'सूप झालेला', म्हणतात.

एक रूप पाठ्यपुस्तकांत क्वचित दिसतं आणि चिलीत किंवा अर्जेंटिनात घर भाड्याने घेतलं तर पहिल्या पावसात कामाला येतं: 'योबेर्से'. 'ला कासा से युएबे' म्हणजे घर गळतं, छपरातून पाणी आत येतं. 'से' जोडल्याबरोबर घर कर्ता झालं. इथे अर्थ लाक्षणिक नाही, पाणी खरंच अंगावर पडतं. एका ठिकाणी ठिबकत असेल तर 'आय उना गोतेरा', पूर्ण छप्परच कुचकामी असेल तर 'से युएबे'. घरमालकाला नेमकं कळवायचं असेल तर दोन्हींतला फरक उपयोगी पडेल.

पावसाच्या आसपासचे तीन वाक्प्रचार बातम्यांसाठी घेऊन ठेवा. 'मोखार्से' म्हणजे भिजणे, पण स्पेनमध्ये राजकारण्याबद्दल 'नो से मोखा' म्हटलं की अर्थ असा, त्याने भूमिका घ्यायचं टाळलं. 'आग्वान्तार एल चापार्रोन' म्हणजे बोलणी निमूट खाणं. आणि 'कोन ला के एस्ता कायेन्दो', 'सध्या जे काही कोसळतंय त्यात', म्हणजे दिवस वाईट असताना. हा शेवटचा बोलीभाषेतला आहे, औपचारिक पत्रात नको. अर्जेंटिनात कुणी 'आन्दा आ बेर सी युएबे' (जा, पाऊस पडतोय का बघून ये) म्हटलं तर खिडकीकडे जाऊ नका. तुम्हाला तिथून जायला सांगितलंय.

अभ्यासाची पद्धत. वहीच्या पानाचे तीन भाग करा. पहिल्यात कर्ता नसलेली वाक्यं, दुसऱ्यात 'ले योब्येरोन'च्या साच्यातली, तिसऱ्यात गोठलेले वाक्प्रचार. नवं वाक्य सापडलं की आधी क्रियापदाचं वचन पाहा, मग 'ले'सारखं सर्वनाम आहे का ते, मग कर्ता. त्या क्रमाने योग्य रकाना सापडतो. मोजमापाची वाक्यं पहिल्यातच, फक्त शेजारी खूण करा. तिसऱ्या रकान्यात मराठी अर्थाबरोबर 'कधी म्हणायचं नाही' हेही लिहा, कारण वाक्प्रचारांच्या चुका बहुतेक तिथेच होतात.

मग हे सात मराठी वाक्य न पाहता स्पॅनिशमध्ये म्हणून पाहा: पाऊस आला, उघडला, रात्रभर पडला, निघालो तेव्हा पडत होता, उद्या पडला तर येणार नाही, पडेल तेव्हा खिडकी लाव, तिच्यावर शुभेच्छांचा वर्षाव झाला. शेवटच्यासाठी 'ले योब्येरोन लास फेलिसितास्योनेस'. सहावं म्हणताना 'युएबे' निघालं तर तिथेच थांबा आणि 'क्वान्दो युएबा' दहादा मोठ्याने म्हणा, पुढच्या वाक्यावर नंतर जा.